विश्लेषण : सॅल्मनच्या मोहाचा गळ लागण्याआधी... कल्याणहून मासेमारीच्या सहलीचे नियोजन कसे करावे?

एक जूनला नॉर्वेतील बहुतेक नद्यांवर सॅल्मन पकडण्याचा हंगाम सुरू होतो. त्याच दिवशी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी दोन महिन्यांसाठी बंद होते. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पहिला दमदार पाऊस कोसळला, की कर्जत, मुरबाड, शहापूर भागातील ओढ्यांमध्ये मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात. कमरेएवढ्या थंड पाण्यात उभे राहून गळ फेकणाऱ्या परदेशी पर्यटकाचे रील पाहून ‘आयुष्यात एकदा तरी’ असे म्हणणारे कल्याण-डोंबिवलीत कमी नाहीत. परदेशात नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी, साठवलेली रजा आणि थोडी बचत असेल तर हे स्वप्न अशक्यही नाही. फक्त त्याचे नियोजन विमानाच्या तिकिटापासून नव्हे, माशाच्या वेळापत्रकापासून करावे लागते. आणि ते करताना घराजवळच्या नदीबद्दल काही अवघड प्रश्न पडतात.

मेनूकार्डावरचा ‘इंडियन सॅल्मन’ म्हणजे सॅल्मनच का?

नाही. हॉटेलात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून येतो तो आपला रावस. ब्रिटिशांनी चवीवरून आणि मांसाच्या पोतावरून त्याला हे नाव चिकटवले, पण सॅल्मनशी त्याचे काडीचे नाते नाही. रावसाच्या छातीच्या पराखाली दोऱ्यासारखे चार मोकळे तंतू असतात, त्या तंतूंनी तो गढूळ पाण्यात भक्ष्य चाचपतो. तो समुद्रात आणि खाडीच्या तोंडाशी राहतो. अंडी घालायला डोंगराकडे जात नाही.

रावसाची एक गोष्ट मात्र गळ टाकणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. हा मासा तरुणपणी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा रावस हाती लागल्याचा फोटो काढला जातो तेव्हा बहुधा अंडी देणारी मादीच किनाऱ्यावर आलेली असते. पेण-अलिबागकडे ज्याच्यासाठी लोक वाट्टेल ती किंमत मोजतात त्या जिताड्याचेही तेच.

सॅल्मनचे खरे भारतीय नातलग म्हणजे ट्राउट, आणि तेही इथले नव्हेत. ब्रिटिशांनी १९००च्या सुमारास काश्मीरच्या थंड प्रवाहांत ते आणून सोडले. पुढे हिमाचल आणि निलगिरीतही ते पोहोचले.

मग खरा सॅल्मन कुठे आणि कधी भेटतो?

सॅल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, वाढायला समुद्रात जातो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. तोही बहुधा जन्म झाला त्याच नदीत. ही नदी तो वासावरून ओळखतो, असे अमेरिकी शास्त्रज्ञ आर्थर हॅस्लर यांच्या १९५०च्या दशकातील प्रयोगांतून पुढे आले. पॅसिफिक महासागराच्या बाजूचे सॅल्मन एकदा अंडी घातली की मरतात. अटलांटिक सॅल्मनमधील काही वाचतात आणि पुन्हा समुद्राकडे वळतात.

या जीवनक्रमामुळे सहलीचा महिना ठरतो, आणि महिन्यावरून देश. नॉर्वेत साधारण जून ते ऑगस्ट. स्कॉटलंडमध्ये टे, ट्वीड, डी, स्पे या नद्यांचे हंगाम वेगवेगळे आहेत आणि काही अगदी जानेवारीतच उघडतात. अलास्कात मे ते सप्टेंबर, पण किंग, सॉकाय, कोहो अशा प्रत्येक जातीचा आठवडा निराळा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातील अ‍ॅडम्स नदीत तर सॉकाय सॅल्मनची मोठी लाट दर चार वर्षांनी येते. २०१०, २०१४, २०१८, २०२२ ही ती वर्षे, त्या हिशेबाने पुढचे २०२६. ‘दिवाळीच्या सुट्टीत जमेल का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी नकारार्थी आहे. दिवाळी येईपर्यंत तिकडची नदी संपत आलेली असते.

सिएटल परिसरात मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी एक सोपा मार्ग आहे आणि त्यात गळ लागतच नाही. सिएटलच्या बॅलर्ड भागात समुद्र आणि तळे यांच्यामध्ये जहाजांसाठी बांधलेली लॉक्स आहेत. त्यांच्या बाजूला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा जलमार्ग केला आहे. त्याला काचेच्या खिडक्या आहेत. जुलै ते सप्टेंबरदरम्यान तिथे उभे राहिले तर हातभर लांबीचे मासे डोळ्यांसमोर एकेक पायरी चढताना दिसतात. जवळच्याच इसाक्वा गावात सॅल्मनचे उबवणी केंद्र आहे आणि ऑक्टोबरच्या आरंभी तिथे माशांच्या परतीची जत्रा भरते. ज्यांना मासा पकडण्यापेक्षा पाहण्यातच रस आहे, त्यांची सहल इथेच पूर्ण होते.

परवान्याचे काय?

समुद्रावर किंवा तलावावर गळ टाकून बसण्याची आपल्याकडची सवय इथे उपयोगी पडत नाही. नॉर्वेत प्रौढ व्यक्तीला आधी सरकारी शुल्क भरावे लागते. ते भरले म्हणजे नदीत उतरता येते असे नाही. नदीतल्या माशावरचा हक्क काठावरच्या जमीनमालकांचा असतो, त्यामुळे त्या-त्या पट्ट्याचे वेगळे कार्ड विकत घ्यावे लागते. शिवाय गळ, काठी, बूट, जाळी हे सारे जंतुनाशकाने धुतल्याशिवाय पाण्याला लावता येत नाही. कारण जायरोडॅक्टिलस नावाच्या सूक्ष्म परजीवीने तिथल्या अनेक नद्यांमधील सॅल्मनची पिल्ले संपवली आहेत. हा परजीवी ओल्या साहित्यावरून एका नदीतून दुसरीत जातो.

स्कॉटलंडमध्ये सरकारी परवाना नाही, पण नदीच्या पट्ट्याच्या मालकाची परवानगी लागते. या पट्ट्यांना तिकडे ‘बीट’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द पोलिसांच्या हद्दीसाठी रूढ आहे, अर्थ फारसा वेगळा नाही. रविवारी सॅल्मन पकडणे तिथे कायद्याने बंद आहे, तेव्हा शनिवार-रविवार जोडून योजना आखणाऱ्याचा एक दिवस वायाच जाणार. वर्षाच्या सुरुवातीपासून ३१ मार्चपर्यंत पकडलेला प्रत्येक सॅल्मन परत सोडावा लागतो. कॅनडात समुद्राच्या भरती-ओहोटीच्या पाण्याचा परवाना केंद्र सरकारचा, तर त्यापलीकडच्या गोड्या पाण्याचा प्रांताचा. अलास्कात किंग सॅल्मनसाठी साध्या परवान्यावर आणखी एक शिक्का घ्यावा लागतो आणि ठेवून घेतलेल्या माशाची नोंद तिथल्या तिथे शाईने करावी लागते.

हे सारे वाचताना कटकट वाटते. पण ती कटकट हाच या सहलीचा सर्वात मोलाचा भाग आहे. जून २०२४मध्ये नॉर्वेत नद्यांमध्ये परतलेले सॅल्मन इतके कमी भरले, की हंगाम सुरू होऊन तीन आठवडेही झाले नसताना सरकारने २३ जूनपासून ३३ नद्यांवर सॅल्मनची मासेमारी थांबवली. पर्यटक पोहोचलेले होते, निवास आरक्षित होते, गाइडचे पैसे भरलेले होते. तरीही नद्या बंद झाल्या. त्याच वर्षी युकॉन नदीच्या किंग सॅल्मनसाठी अलास्का आणि कॅनडा यांनी सात वर्षांची बंदी मान्य केली. सात वर्षे म्हणजे माशाची एक पिढी. असे निर्णय घेता येतात, कारण नदीत किती मासे चढले हे कोणीतरी मोजत असते.

नियोजनाच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की आरक्षण करताना नदी बंद झाली तर पैसे परत मिळतात का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. विमान रद्द झाल्यावर मिळणाऱ्या विम्यात हे बहुधा येत नाही.

खर्च नेमका कशावर होतो?

परवान्यावर फारसा नाही. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे, त्यात नॉर्वे येते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. तेव्हा ‘नॉर्वे आणि स्कॉटलंड एकाच फेरीत’ हे गणित दिसते तितके स्वस्त नाही. खरा पैसा जातो तो चांगल्या पट्ट्याच्या भाड्यात, गाइडमध्ये आणि दुर्गम भागातील निवासात. अलास्कात काही ठिकाणी लहान विमानाशिवाय पोहोचताच येत नाही. साहित्य विकत घेऊन इथून नेण्याचा मोह टाळावा. छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, बूट आणि दोन हातांनी फेकायची लांब काठी तिथे भाड्याने मिळते, आणि जंतुनाशकाची डोकेदुखीही वाचते. एवढे सामान लोकलने विमानतळाच्या दिशेने नेऊन पाहिल्यावर हा सल्ला लगेच पटेल.

मासा लागण्याची शक्यता किती?

रील्समध्ये हे कधीच सांगितले जात नाही. अटलांटिक सॅल्मन अंडी घालण्यासाठी नदीत शिरला की खाणे थांबवतो. मग तो गळाला बांधलेल्या रंगीत पिसांच्या ‘माशी’ला तोंड का लावतो? चिडून, जुन्या सवयीने की कुतूहलाने, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. पोट भरलेल्या पाहुण्याला आग्रह करण्यासारखाच हा प्रकार आहे. त्यामुळे आठवडाभर पाण्यात उभे राहून एकही सॅल्मन न लागणे अपवादात्मक मानले जात नाही. पॅसिफिकच्या बाजूला, विशेषतः सॉकायची लाट जोरात असताना, शक्यता कितीतरी बरी असते.

ज्यांना विक्रम खुणावतात त्यांच्यासाठी दोन नोंदी. ब्रिटनमध्ये गळाने पकडलेल्या सर्वात मोठ्या सॅल्मनचा विक्रम जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीच्या नावावर आहे. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी तिने टे नदीत ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोचा मासा काढला. शंभर वर्षे उलटली तरी तो मोडलेला नाही. अलास्काच्या केनाई नदीत १९८५मध्ये लेस अँडरसन यांना लागलेला किंग सॅल्मन ९७ पौंडांवर होता. त्याच केनाईवर अलीकडे किंग सॅल्मनची मासेमारी बंद ठेवण्याची वेळ आली आहे. तेवढे मोठे मासे आता चढतच नाहीत.

मासा परत सोडायचा असेल तर सोडण्याचेही तंत्र आहे. गळाच्या टोकाला उलटा काटा नसावा, हात ओले असावेत, फोटोसाठी मासा पाण्याबाहेर उचलून धरू नये. पाण्याचे तापमान २० अंशांच्या वर गेले तर गळ गुंडाळून ठेवावा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. पाणी तापू लागले की काही नद्यांवर दुपारीच काठी बंद होते.

निघण्यापूर्वी सराव कुठे करावा?

कल्याणकरांसाठी सर्वात जवळचा पर्याय पवई तलाव. तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे आणि गळ टाकण्यासाठी तिच्या नियमांतून जावे लागते. रोहू, कटला यांच्यासोबत तिथे महाशीर सोडण्याचेही प्रयत्न झाले आहेत. तलावात मगरी आहेत, त्यामुळे नॉर्वेसारखे कमरेएवढ्या पाण्यात उतरण्याचा सराव तिथे करू नये.

वाहत्या पाण्याचा अनुभव हवा असेल तर हिमाचल. कल्याणला थांबणाऱ्या पंजाब मेलने दिल्ली, तिथून रस्त्याने औट आणि पुढे तीर्थन खोरे. राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना घेऊन तिथे ट्राउटवर गळ टाकता येतो. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र नाही. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर अंडी घालण्याचा काळ म्हणून हंगाम बंद असतो. दिवाळीची सुट्टी इथेही आडवी येते. मार्च किंवा एप्रिल त्यापेक्षा बरा. सॅल्मनच्या सहलीत जे शिकायचे असते, म्हणजे प्रवाह वाचणे, दगडामागचे शांत पाणी ओळखणे, माशी अलगद पाण्यावर टेकवणे, त्यातले बरेचसे इथे खूप कमी पैशांत शिकता येते.

लोणावळ्याचा मासा कावेरीत कसा पोहोचला?

भारतात गळाच्या शौकिनांचा खरा राजा महाशीर. मद्रासच्या सनदी सेवेतील हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या मते झुंज देण्यात महाशीर सॅल्मनपेक्षा सरस होता. या माशाच्या दख्खनी जातीची शास्त्रीय ओळख पटली तीही महाराष्ट्रात. विल्यम साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून १८३९मध्ये तिचे वर्णन केले आणि ‘खुद्री’ हे नाव शास्त्रीय नावात कायमचे जाऊन बसले. देहूच्या डोहातील आणि महाडजवळच्या वाळणकोंडीतील देवाचे मासे म्हणून ज्यांना कुणी हात लावत नाही, ते या महाशीर कुळातलेच.

१९७०च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्यात वळवणच्या तलावाकाठी महाशीरची कृत्रिम पैदास सुरू केली. हे काम मोठेच होते. लाखो पिल्ले तयार झाली आणि देशातील अनेक नद्या-तलावांत सोडण्यात आली. त्यातली काही कावेरीत गेली. कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता. पाठीला कुबड असलेला, प्रचंड वाढणारा, जगभरचे शौकीन ज्याच्यासाठी कर्नाटकात येत असा. निळसर परांचा दख्खनी महाशीर तिथे रुजला, फोफावला आणि मूळचा कुबडधारी मागे पडत गेला. आज दख्खनी महाशीरची स्थिती बरी आहे, तर कावेरीचा महाशीर २०१८पासून जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. धरणे, सुरुंग, वाळूउपसा ही कारणेही त्यामागे आहेत. पण ‘चांगला मासा सोडला’ हेही एक कारण आहे, आणि ते महाराष्ट्रातून गेले.

हे उघडकीस कसे आले? कावेरीकाठच्या मासेमारी शिबिरात प्रत्येक पर्यटकाने पकडून सोडलेल्या माशाची जात आणि वजन वहीत लिहिले जात असे. १९९८ ते २०१२ या काळातील त्या वह्या संशोधकांनी अभ्यासल्या तेव्हा एक जात वाढत असून दुसरी नाहीशी होत असल्याचे आकडे समोर आले. पुढे संरक्षित वनक्षेत्रात गळ टाकणे म्हणजे शिकारच, असा अर्थ लावून ही शिबिरे थांबली. वन्यजीव कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेल. पण शिबिरांसोबत वहीही बंद झाली, हे नुकसान फारसे कोणी मोजले नाही.

आपल्याकडे नदी चढणारा मासा नाही का?

आहे, आणि कल्याण स्थानकापासून तास-दीड तासावर आहे. समुद्रातून नदीत येणारा सॅल्मनसारखा मासा म्हणजे पाला, बंगालचा हिल्सा. पण तो गाळून खाणारा असल्याने गळाला लागत नाही. आपल्या शेजारी तो नर्मदेच्या मुखाशी भरूचकडे येतो, आणि तिथेही आता भाडभूत बंधाऱ्यामुळे त्याच्या वाटेची चिंता आहे. ठाणे-रायगडचा चढणारा मासा म्हणजे वलगणीचा. मळे, मुऱ्या, शिंगट्या, खवल असे लहान-मोठे गोड्या पाण्यातले मासे पहिल्या मोठ्या पावसात नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरांत चढतात. ताजे, प्राणवायूने भरलेले गढूळ पाणी आले की त्यांना वेळ झाल्याचे कळते. खाचरातल्या उथळ, कोमट पाण्यात अंडी घातली की पिल्लांना खायला भरपूर असते आणि त्यांना खाणारे मोठे मासे फारसे नसतात. ही सारी धावपळ दोन-चार रात्रींत उरकते. सॅल्मन हजारो किलोमीटर फिरून येतो, हा मासा फार तर काही किलोमीटर. पण अंडी पोटात घेऊन प्रवाहाविरुद्ध जाण्याची धडपड तीच.

या रात्री ओढ्यावर जे चालते त्याला परवाना नाही, मोजणी नाही, मर्यादा नाही. समुद्रातील बंदी बहुतेकांना ठाऊक असते, तिच्यावर नजर ठेवणारी यंत्रणा असते. ओढ्यावर विचारायला कोणी येत नाही. इथे एक फरक मात्र नीट केला पाहिजे. ठाकूर, कातकरी कुटुंबांसाठी वलगण हे पावसाळ्याच्या तोंडावरचे अन्न आहे. पाग, बांबूचे सापळे आणि टॉर्च घेऊन ते पिढ्यान् पिढ्या जात आले आहेत, आणि तरीही मासे उरत आले आहेत. गेल्या काही वर्षांत त्यात शहरातून गाड्या घेऊन येणारे हौशी मिसळले आहेत. मच्छरदाणी आडवी लावून ओढाच्या ओढा गाळायचा, अंड्यांनी फुगलेल्या माशांचा ढीग दाखवणारे रील टाकायचे आणि उरलेले वाटेत सोडून द्यायचे. हा आदिवासींचा वारसा नव्हे. नॉर्वेत एका सॅल्मनसाठी दोन परवाने काढणारा पर्यटक खर्डी-वासिंदला मात्र पोतेभर मासे का उचलतो, याचे उत्तर त्याच्या संस्कारात शोधण्यात अर्थ नाही. तिकडे विचारणारा आहे, इकडे नाही.

माशाच्या वाटेतले दुसरे विघ्न अभियांत्रिकी आहे. गावरस्ता ओढ्यावरून नेताना खाली सिमेंटचा नळ टाकतात. ओढ्याचे रुंद पाणी त्या अरुंद नळातून जाताना वेग पकडते. खालच्या तोंडाशी माती वाहून गेली की नळ ओढ्याच्या तळापासून हात-दीड हात वर लटकतो. वीतभर मासा त्या उडीत दमतो, आणि नेमका तिथेच टॉर्च घेऊन कोणीतरी उभा असतो. नळ जरा मोठा घेऊन तळाखाली पुरला आणि त्यात ओढ्याचेच दगडगोटे बसू दिले, तर हा अडथळा उरत नाही. खर्चातला फरक रस्त्याच्या अंदाजपत्रकात दिसणारही नाही.

खाली कल्याणकडे येता येता कथा आणखी बिघडते. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास कर्जतपर्यंत बरी असते. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेले पाणीही तिला मिळते आणि तेच पुढे लाखो लोकांच्या नळाला येते. मोहने-कांब्याजवळ उन्हाळ्यात तिच्यावर जलपर्णीचा गालिचा पसरतो. वालधुनी मिळाल्यानंतर तिच्यात काय येते, हे हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सर्वांनी ऐकले आहे. दुर्गाडीच्या पायथ्याच्या खाडीत एकेकाळी काय काय मिळायचे, हे जुन्या कोळी कुटुंबांना आजही तोंडपाठ आहे. पण ती आठवण कुठल्याही वहीत नाही.

परवाना ग्रामसभेने का देऊ नये?

नॉर्वेत काठावरचा मालक कार्ड विकतो, त्या पैशांत त्याला रस असतो, म्हणून तो नदी सांभाळतो. आपल्याकडे याला समांतर कायदा आधीच आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतील मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे दिले आहे, आणि शहापूर तालुका या क्षेत्रात येतो. मग गावच्या ओढ्यावर बाहेरून येणाऱ्यांना वलगणीच्या आठवड्यात मासे पकडण्यास मनाई, पण पाहायला येण्यासाठी पावती, असा ठराव ग्रामसभेने करायला काय हरकत आहे? पावतीचा पैसा गावाला, वाट दाखवण्याचे काम गावातल्या तरुणाला. गावकऱ्यांसाठी पाग चालेल, मच्छरदाणी नाही. आणि एक वही. कोणत्या तारखेला, कोणत्या पावसानंतर, कोणता मासा चढला, एवढे तीन रकाने पुरेत.

यावर एक आक्षेप हमखास येईल. नियम म्हटला की तो आधी गरिबावर बसतो, कातकऱ्याचा पाग जप्त होतो आणि गाडीवाला निसटतो. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच हे काम वन विभाग किंवा पोलिसांकडे न देता ग्रामसभेकडेच असावे. पावती फाडणारा आणि मासा खाणारा एकाच गावचा असला, की कोणाला अडवायचे हे त्याला सांगावे लागत नाही.

तोवर नॉर्वेसाठी पैसे साठवणाऱ्यांना येत्या जूनमध्ये एक रात्र मोकळी ठेवता येईल. दिवसभर सरी कोसळून ओढे तांबडे झाले की त्याच रात्री कर्जत किंवा कसारा मार्गावरच्या ओळखीच्या गावात, गावकऱ्यालाच सोबत घेऊन जावे. टॉर्चच्या काचेवर लाल कागद लावावा आणि पाण्यात पाय न घालता काठावर बसावे.  घाटाखालच्या ओढ्यांना अचानक लोंढा येतो, त्यामुळे नळाच्या किंवा मोरीच्या तोंडाशी उभे राहू नये. परतीची शेवटची लोकल किती वाजता आहे, ते आधी पाहून ठेवावे.